आठवड्यातला एक तास मुलांच्या प्रश्नांना द्या

प्रति,
महाराष्ट्रातील शाळांचे मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सर्व सदस्य यांस,

विषय : वेळापत्रकात विज्ञानाच्या गप्पांसाठी स्वतंत्र तास ठेवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी विज्ञानाची शिक्षिका होते. सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या माध्यमिक शाळेत माझी बहुतेक नोकरी झाली, आता निवृत्त आहे. जूनमध्ये आपल्या शाळेत नवे वेळापत्रक लागेल. त्याआधी एक मागणी आपल्यापुढे ठेवते. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक तास असा द्या, ज्यात धडा नसेल, स्वाध्याय नसेल, वह्या तपासणे नसेल. मुलांनी शेतातले, स्वयंपाकघरातले, आभाळातले, अंगातले काहीही विचारावे आणि विज्ञानाच्या शिक्षकाने त्यावर त्यांच्याशी बोलावे, एवढेच त्या तासाचे काम.

हे पत्र मंत्र्यांना किंवा आयुक्तांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे, कारण अभ्यासक्रम वर ठरत असला तरी मंगळवारचा पाचवा तास कोणाचा हे आपल्या कार्यालयात ठरते. ग्रंथालयाचा तास, कार्यानुभवाचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला किंवा इंग्रजीला कसा जातो, हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे तास इकडचा तिकडे करण्याची मोकळीक शाळेला आहेच. ती एकदा मुलांच्या कुतूहलासाठी वापरा.

नोकरीत असताना माझे मत हळूहळू पक्के होत गेले, की मुलाला विज्ञानाची गोडी लागते ती माणसामुळे. त्याचा प्रश्न कुणीतरी मोठ्या माणसाने मनापासून ऐकलेला असतो, त्यावर थांबून विचार केलेला असतो आणि उलट त्यालाच एक प्रश्न विचारलेला असतो. आता वर्गावर्गांत स्मार्ट बोर्ड आले, मोबाइलवर उत्तम चित्रफिती आहेत. मी स्वतः त्या आवडीने दाखवल्या. पण "तुला असं का वाटतं?" हे चित्रफीत विचारत नाही, आणि विज्ञान तर तिथूनच सुरू होते.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. नववीचा वर्ग, आर्किमिडीजचे तत्त्व चालले होते. वस्तू द्रायूत, म्हणजे द्रवात किंवा वायूत, अंशतः किंवा पूर्णतः बुडवली असता तिच्यावर वरच्या दिशेने बल कार्य करते, हे वाक्य मी फळ्यावर लिहून दिले होते आणि मुले मुकाट्याने उतरवून घेत होती. तेवढ्यात खिडकीजवळच्या एका मुलीने विचारले, "बाई, डेअरीत दुधात ती काचेची नळी सोडत्यात, ते हेच का?"

तिच्या घरी तीन-चार जनावरे होती आणि सकाळी संकलन केंद्रावर दूध घालायला तीच जायची. मी म्हटले, हेच. त्या नळीचे काय होते ते सांग. ती म्हणाली, "पाणी घातलेलं दूध असलं की लॅक्टोमीटर खाली जातो, डिग्री कमी लागते." डिग्री म्हणजे त्या नळीवर वाचलेला आकडा. नळी का खाली जाते, असे मी वर्गाला विचारले आणि खडू टेबलावर ठेवला. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून उत्तर आले, "पाण्यानं दूध पातळ होतंय म्हणून." त्याला लगेच दुसऱ्याने अडवले, "पातळ म्हंजे हलकं असं न्हाई. गोडंतेल पाण्यापेक्षा दाट असतंय, तरी वर तरंगतंय की." मी काहीच बोलले नव्हते आणि वर्गाने चिकटपणा आणि घनता या दोन गोष्टी वेगळ्या करून ठेवल्या होत्या. त्या वेगळ्या आहेत हे व्याख्या देऊन मी आधी अनेक वर्गांना सांगितले होते. ते त्यांच्यापर्यंत पोचल्याचे मला त्यापूर्वी कधी जाणवले नव्हते.

पुढचा प्रश्न पुन्हा त्याच मुलीचा. "मग साय काढलेल्या दुधाला डिग्री जास्त का लागती? साय काढली की दूध पातळ होतंय, मग कमी लागाय पायजे." कुणी तिला खोटे ठरवले, कुणी पैज लावली. उत्तर माझ्या तोंडात आले होते, पण मी ते दिले नाही. दुसऱ्या दिवशी संकलन केंद्रातून लॅक्टोमीटर मागून आणला. तीन उंच भांडी घेतली. एकात जसेच्या तसे दूध, दुसऱ्यात रात्रभर ठेवून वरची साय काढलेले, तिसऱ्यात पाणी घातलेले. पाणी घातलेल्या दुधात नळी खोल गेली. साय काढलेल्या दुधात ती आख्ख्या दुधापेक्षा थोडी वर राहिली. मुले भांड्यांभोवती गर्दी करून, डोळे दुधाच्या पातळीला आणून पुन्हा पुन्हा आकडा वाचत होती. शेवटी एकाने जुळवले, की साय दुधावर तरंगते म्हणजे ती हलकी आहे, आणि हलका भाग काढून घेतला की राहिलेले दूध आधीपेक्षा जड होणारच.

यावर ती मुलगी म्हणाली, "मग साय काढून घ्यायची आणि थोडं पाणी घालायचं. डिग्री बरोबर येईल की!" वर्गात हशा पिकला. तो ओसरायच्या आत दुसरी मुलगी म्हणाली, "म्हणूनच तर डेअरीत डिग्री वेगळी आणि फॅट वेगळी बघत्यात." दूध संकलनाच्या सगळ्या व्यवस्थेमागचे कारण त्या वर्गाने असे आपापसात बोलून शोधले होते. मी फक्त "का?" एवढेच विचारत राहिले. त्याच आठवड्यात आणखी एक प्रश्न आला : नुकतीच धार काढलेल्या कोमट दुधाला डिग्री कमी लागते, तेच दूध निवल्यावर जास्त, हे कसे? उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात हा धडा त्यांनी आधीच शिकलेला होता. तो आता त्यांना दिसला.

त्या वर्गातले पुढे कोण काय झाले, हे मी मुद्दाम सांगत नाही. कुणी शास्त्रज्ञ झाले तरच तो तास कामाचा ठरला, असे मी मानत नाही. त्या दोन दिवसांत चौदा वर्षांची मुले पुराव्यावरून भांडत होती आणि पुरावा पाहून मत बदलत होती, तेवढे मला पुरेसे आहे.

या दोन तासांमुळे माझ्या टाचणवहीतला त्या आठवड्याचा घटक अपुरा राहिला. तपासणीला आलेल्या साहेबांनी पोर्शन मागे का, असे विचारले. घडले ते मी सांगितले. त्यांनी "वेळेचे नियोजन आवश्यक" असा शेरा लिहिला. साहेब वाईट नव्हते, त्यांच्या तक्त्यात अशा तासाला रकानाच नव्हता. तो रकाना आपल्या शाळेपुरता तरी तयार करा, असे माझे म्हणणे आहे.

शिक्षकांशी एका गोष्टीवर बोला, अशी मुख्याध्यापकांना विशेष विनंती. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांतली संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली आणि १९७४ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. शिक्षक प्रश्न विचारतात आणि सरासरी एक सेकंदच थांबतात. तेवढ्यात उत्तर आले नाही की दुसऱ्याला विचारतात, प्रश्न बदलतात किंवा स्वतःच उत्तर देतात. मुलाने उत्तर दिले तरी त्याचे वाक्य संपते न संपते तोच शिक्षक बोलू लागतात. रो यांनी शिक्षकांना दोन्ही ठिकाणी तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबायला शिकवले. मुलांची उत्तरे लांबली, "मला माहीत नाही" कमी झाले, मुले एकमेकांच्या बोलण्याला उत्तर देऊ लागली, त्यांच्याकडून येणारे प्रश्न वाढले आणि शिक्षकांनी ज्यांना कच्चे समजून सोडून दिले होते तीही बोलू लागली. यासाठी एक रुपया खर्च नाही, साहित्य नाही, प्रशिक्षणाचा भत्ता नाही. पण तीन सेकंद थांबायला शिक्षकाच्या मनात घाई नसावी लागते, आणि ती घाई आपण वेळापत्रकातून त्याच्या मनात घालतो.

मोठ्या माणसांच्या आठवणी काढल्या की त्यांतही हेच सापडते. जयंत नारळीकरांचे बालपण बनारसला गेले. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तिथल्या हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. घरात भिंतीवर फळा होता. त्यांचे मामा मोरेश्वर हुजुरबाजार, म्हणजे मोरूमामा, एम.एस्सी. करायला त्यांच्याकडे राहायला आले. ते त्या फळ्यावर भाच्यासाठी एखादे गणित किंवा कोडे आव्हान म्हणून लिहून ठेवत. भाच्याने सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत ते फळ्यावरच राही. नारळीकरांनी ही आठवण आत्मचरित्रात आवडीने सांगितली आहे. त्यात शिकवणीचे तास नाहीत, गुण नाहीत. भाच्याला कशात रस वाटेल याचा विचार करून त्याच्यासाठी गणित निवडणारा एक माणूस आहे, आणि उत्तर सांगायची घाई नसलेला एक फळा आहे.

हेच नारळीकर पुढे पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक झाले, तेव्हा स्वाक्षरी मागायला येणाऱ्या मुलांना ते सांगत, की पोस्टकार्डावर मला विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहीन आणि खाली सही करीन. मुले पाठवत आणि ते उत्तर देत. आयुकात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने सुरू झाली, त्यांत व्याख्यानानंतरचे प्रश्न हा मोठा भाग असे. विश्वरचनाशास्त्रात जगभर नाव झालेल्या माणसाला सहावीतल्या मुलाच्या पोस्टकार्डासाठी वेळ होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

रघुनाथ माशेलकर अनेक भाषणांत त्यांच्या भावे सरांची गोष्ट सांगतात. माशेलकरांचा जन्म गोव्यातल्या माशेलचा. वडील लवकर गेले, आईने मुंबईत काबाडकष्ट करून मुलाला वाढवले. गिरगावातल्या युनियन हायस्कूलमध्ये भावे सर भौतिकशास्त्र शिकवत. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर शिकवायचे होते, तर सरांनी मुलांना उन्हात नेले, कागदावर सूर्यकिरण एकवटून तो जाळून दाखवला, आणि मग मुलांशी बोलले, की ताकद अशी एका जागी आणली तर आयुष्यात काय करता येणार नाही? शाळा गरीब होती, उपकरण एक भिंग. माशेलकर पुढे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक आणि सीएसआयआर या देशभरच्या सरकारी प्रयोगशाळांच्या संस्थेचे महासंचालक झाले, तरी शास्त्रज्ञ व्हावेसे कधी वाटले असे विचारले की ते त्या दुपारकडे बोट दाखवतात. कागद जाळायचा प्रयोग तर सगळ्या शाळांत होतो. मला वाटते, तो लक्षात राहिला तो सरांच्या बोलण्यामुळे.

मुलींसाठी आणखी एक नाव घेते. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, त्यामुळे घरातच त्या विषयाचे बोलणे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला तेव्हा मुलगी म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. त्या अडून बसल्या आणि १९३३ मध्ये अटी घालून का होईना, त्यांना प्रवेश मिळाला. तिथे त्यांना श्रीनिवासय्या हे शिक्षक लाभले. त्यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करताना त्यांची जीवरसायनशास्त्राची वाट पक्की झाली आणि पुढे त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. एकाच संस्थेत एका माणसाने दार लावले आणि दुसऱ्याने हात धरला. आपल्या वर्गांत आजही मुलगे ओरडून उत्तरे देतात आणि मुली वहीत बरोबर उत्तर लिहून गप्प बसतात. प्रश्नांच्या तासाला शिक्षकाने मुलींच्या बाजूला जरा जास्त वेळ थांबावे.

हे सगळे नशिबाने भेटलेल्या माणसांचे किस्से आहेत, व्यवस्था म्हणून असे काही होत नसते, असे कुणी म्हणेल. शेजारच्या मध्य प्रदेशात ते तीस वर्षे झाले आहे. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान वेगळ्या तऱ्हेने शिकवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये कार्यक्रम पूर्ण जिल्ह्यात गेला आणि १९८२ पासून एकलव्य या संस्थेने तो सांभाळला. चार-चार मुलांची टोळी स्वतः प्रयोग करायची, निरीक्षणे लिहायची आणि मग वर्गात चर्चा. पुस्तकात प्रश्न असत, तयार उत्तरे नसत. परीक्षेला पुस्तक आणि वही जवळ ठेवायची परवानगी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक खेड्यातल्या शिक्षकांबरोबर प्रशिक्षणात बसत.

मला त्यातल्या दोन गोष्टी सर्वांत मोलाच्या वाटतात. एक म्हणजे सवालीराम. हे काल्पनिक पात्र. मुलांनी मनात येईल तो प्रश्न सवालीरामला पत्राने विचारायचा आणि सवालीराम उत्तर पाठवायचा. दुसरी म्हणजे शिक्षकांची मासिक गोष्ठी. परिसरातले विज्ञान शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसून वर्गात काय घडले, कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारला आणि आपल्याला उत्तर आले नाही, हे एकमेकांना सांगत. ज्या शिक्षकाशी कुणीच बोलत नाही, ज्याला फक्त परिपत्रके येतात, तो मुलांशी गप्पा मारील अशी अपेक्षा चूक आहे. पुण्यात ट्रक बनवणाऱ्या टेल्को कंपनीत काम करणारे अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन या कार्यक्रमात गेले. आठवडी बाजारात मिळणारी सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि काड्यापेटीतल्या काड्या घेऊन त्यांनी तिथे भूमितीच्या आकृत्या बनवायला सुरुवात केली. त्यांची पुढची खेळणी आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून महाराष्ट्रातल्या हजारो मुलांच्या हातात गेली. होशंगाबादचा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. मला त्याचे आजही वाईट वाटते. पण तो सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांकडून चालला होता, एवढे त्यातून आपल्याला घेता येते.

आता आपल्या अडचणी. पहिली अर्थातच पोर्शनची. दहावीच्या वर्गाचा एक तास जाणार म्हटल्यावर पालकही विचारतील. माझा अनुभव असा, की दुधाच्या त्या दोन तासांनंतर घनता, सापेक्ष घनता, प्लावक बल हे मला पुन्हा समजावून सांगावे लागले नाही. सराव परीक्षेआधी त्याच त्या घटकाची उजळणी करण्यात किती तास जातात याचा हिशेब एकदा मांडून पाहा. प्रोफेसर यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्येच सांगून ठेवले होते, की न समजण्याचे ओझे हे दप्तराच्या ओझ्यापेक्षाही वाईट असते.

दुसरी अडचण शिक्षक कबूल करत नाहीत, पण ती खरी आहे. उत्तर आले नाही तर? मुलांपुढे मान राहणार नाही, असे वाटते. राष्ट्रीय विज्ञान दिन आपण ज्या शोधामुळे साजरा करतो त्याची सुरुवात आठवा. १९२१ मध्ये रामन जहाजाने इंग्लंडहून परत येत होते. समुद्र निळा का दिसतो, तर आभाळाचे प्रतिबिंब म्हणून, असे तेव्हाचे मान्य उत्तर होते. त्यांना ते पटेना. जवळच्या निकोल प्रिझममधून त्यांनी पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश गाळून पाहिला, तरी पाणी निळेच. त्या प्रश्नामागे लागून सात वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ते आणि त्यांचे सहकारी रामन परिणामापर्यंत पोचले. त्या दिवशी आपण शाळेत भाषणे ठेवतो, रांगोळ्या काढतो, दुकानातून आणलेले तयार प्रकल्प मांडतो. यंदा एवढेच करा : समुद्र निळा का, हा प्रश्न वर्गाला विचारा आणि "आभाळामुळे" असे उत्तर आले की ते तपासायचे कसे, यावर त्यांना बोलू द्या. "मला ठाऊक नाही, आपण शोधू" असे म्हणणाऱ्या शिक्षकाचा मान मुलांच्या मनात कमी झालेला मी पाहिलेला नाही.

तिसरी अडचण शिक्षकांच्या वेळेची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षक लावता येत नाही. प्रत्यक्षात पोर्टलवर माहिती भरणे, फोटो टाकणे, अहवाल पाठवणे यांत विज्ञान शिक्षकाचा दिवस निघून जातो, कारण संगणक त्यालाच येतो. मुख्याध्यापकांना वरून आलेले काम नाकारता येत नाही, हे मी जाणते. निदान विज्ञानाचा शिक्षक वर्गावर असताना "ती माहिती ताबडतोब पाठवा" म्हणून शिपाई पाठवू नका.

प्रयोगशाळा नाही, ही अडचण मी मानतच नाही. अंगणात एक काठी सरळ रोवा आणि सुट्टीत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करायला सांगा. घड्याळात बारा वाजतात तेव्हा सावली सर्वांत आखूड नसते, असे मुलांना आढळेल. आपल्याकडे ती नंतर होते, कारण भारताचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे, आपण त्याच्या पश्चिमेला आहोत आणि पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. कुणाचा मामा नागपूरला असेल तर त्याच दिवशी फोन करून विचारता येईल. मुंबईत सावली सर्वांत आखूड होण्याआधी सुमारे २५ मिनिटे नागपुरात तसे झालेले असते. कारण मात्र मुलांना आधी सांगू नका. आठवडाभर तर्क लढवू द्या. मेच्या सुट्टीत शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो, कोल्हापूरला पहिल्या आठवड्यात, पुण्या-मुंबईला महिन्याच्या मध्यावर आणि नागपूरला शेवटच्या आठवड्यात येतो. त्याचे काम एप्रिलमध्येच मुलांना देऊन ठेवता येते.

व्यवस्थापन समितीच्या पालक सदस्यांना आता थोडे वेगळे सांगते. कायद्याने समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला आहेत. आपल्याला विज्ञान येत नाही, असे आपल्यातले अनेक जण म्हणतात. गवंडीकाम करणारे दादा पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची लेव्हल काढतात, त्यांनी ती वर्गात काढून दाखवावी. स्लॅब टाकल्यावर त्यावर इतके दिवस पाणी का मारतात, हे मुलांनी त्यांना विचारावे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन घट्ट होते, यावर शिक्षकाने पुढे बोलावे. मोटार रिवाइंडिंग करणाऱ्याने जळालेली कॉइल आणावी. गावात आरोग्याचे काम करणाऱ्या आशाताईंनी जलसंजीवनीत मीठ आणि साखर दोन्ही का लागतात ते सांगावे. आईबापाचे काम शाळेत विज्ञान म्हणून बोलले गेले, की मूल घरीही विचारू लागते. त्याला "गप्प बस, अभ्यास कर" असे म्हणू नका. ते अभ्यासच करत असते.

भाषेचेही सांगायला हवे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार पूर्वी दाखवून दिले, की पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली की मुलांचे विज्ञान सुधारते. "लागती", "बघत्यात" म्हणणाऱ्या मुलीला त्या तासाला शुद्ध बोलायला लावू नका. प्रमाण मराठीतली संज्ञा उत्तर सापडल्यावर द्या, तोपर्यंत तिचे म्हणणे तिच्या बोलीत ऐका.

माझे मागणे आता नेमके सांगते. समितीच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. तास दिवसाच्या शेवटी ठेवू नका, मुले दमलेली असतात. या तासाला गुण देऊ नका, त्याची नोंदवही करू नका, फोटो काढून ग्रुपवर टाकायला लावू नका. वर्गातून आवाज येईल तो येऊ द्या. मागच्या भिंतीवर एक मोठा कागद लावा, त्यावर न सुटलेले प्रश्न मुलांच्या अक्षरात राहू द्या आणि सुटेपर्यंत कुणी पुसू नका. आपल्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या, चार-पाच शाळांच्या विज्ञान शिक्षकांना महिन्यातून एका दुपारी एकत्र बसू द्या, कागदपत्रांशिवाय.

पहिल्या तासाला मुले बहुधा गप्प बसतील. प्रश्न विचारला की ओरडा बसतो किंवा हसे होते, ही त्यांची आजवरची शिकवण आहे. दुसऱ्या तासाला एखादा मुलगा मुद्दाम वात्रट प्रश्न विचारून शिक्षक चिडतात का ते पाहील. त्यालाही नीट उत्तर मिळाले, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खरे प्रश्न यायला लागतात. म्हणून पहिल्या महिन्यात "काही उपयोग होत नाही" म्हणून तास काढून घेऊ नका, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तरी चालू द्या. आमच्या तालुक्यातल्या ज्या शाळेला सुरुवातीला सोबत हवी असेल, तिथे मी येईन. लॅक्टोमीटर माझ्याकडे आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका